खांबाखालचे बिराजदार साहेब

बिराजदार साहेब धातूच्या कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायचे. दाराची कडी असो, कपाट असो, स्टीलचा जग असो, बोटांची पाठ हलकेच टेकवायची आणि मगच वस्तू धरायची. करंट लागला की बोटं आपोआप मिटतात. तळहाताने धरलं असेल तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. मागची बाजू लावली असेल तर हात झटकला जातो. तारांवर काम करणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. साहेबांनी मात्र ती कुठे थांबवायची हे ठरवलंच नव्हतं. एकदा मुंबईच्या मुख्यालयातून आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना पितळी सन्मानचिन्ह दिलं, तेव्हा भर सभेत साहेबांनी त्यालाही मागचा हात लावून पाहिला. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि मला हसू आवरता आवरेना.

वीज कंपनीच्या नांदेडच्या चाचणी विभागात ते उपकार्यकारी अभियंता होते. मूळचे निलंग्याकडचे. लाइनमन म्हणून नोकरीला लागले, नोकरी करता करता डिप्लोमा केला, खात्याच्या परीक्षा दिल्या आणि खांबावरून खुर्चीत आले. घरात कानडी, बाहेर मराठी. मीटरचं रीडिंग तपासताना ओठातल्या ओठात "ओंदु, एरडु, मूरु" अशी कानडी मोजणी चालायची, आणि एखादी गोष्ट अजिबात मान्य नसली की मराठी सोडून ते फक्त "इल्ला" म्हणायचे. त्या एका शब्दावर अपील नसायचं. आमच्या वाट्याला तो शब्द किती वेळा आला हे मी मोजलेलं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि नितीन. मी मुरुडची, तो लातूरचा. नांदेडला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. पुढे लातूरला एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही आमचं स्टार्टअप काढलं. स्टार्टअप म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. दोन टेबलं, एक सोल्डरिंग आयर्न आणि खालून सतत येणारं पीठ एवढाच त्याचा पसारा होता. आम्ही एक छोटं यंत्र बनवलं होतं. ते हेल्मेटला लावायचं. जवळच्या तारेत वीज असली की ते जोरात वाजतं, नसली की गप्प राहतं. लाइनमनला चढण्याआधी कळावं की तार जिवंत आहे. आम्ही त्याला एक झकपक इंग्रजी नाव दिलं होतं. ते इथे सांगण्यात अर्थ नाही, कारण नांदेडजवळच्या अर्धापुरात पहिल्याच दिवशी त्याची "डबी" झाली.

त्या सुमारास मुख्यालयाने नवोपक्रम कक्ष उघडला होता. नवीन कंपन्यांनी यंत्रं आणावीत, वीज कंपनी त्यांना चाचणीसाठी खांब, तारा आणि माणसं देईल, चाचणी विभागाची सही झाली की खरेदीचा विचार होईल, अशी योजना. बहुतेक कार्यालयांत आमच्यासारख्यांना पाहून साहेब लोकांच्या कपाळाला आठी पडायची. आधीच बिघाडांनी जीव मेटाकुटीला आलेला, त्यात ही लॅपटॉपवाली पोरं. चहा पाजून वाटेला लावत. बिराजदार साहेबांनी मात्र पत्र लिहून ही योजना नांदेडला मागून घेतली होती.

पहिल्या भेटीत मी वीस मिनिटं बोलले. त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली, वजन पाहिलं आणि म्हणाले, "यंत्र चांगलं हाय, जाधवबाई. आता माणूस कसा हाय ते बघू."

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मला जाधवबाई म्हणणारे ते जगातले पहिले गृहस्थ. नितीनचा त्यांनी नितीनराव केला. नंतर त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. त्यात आमच्या आधी येऊन गेलेल्यांची यंत्रं होती आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी, ते कशापुढे हरलं ते सांगणारी. ट्रान्सफॉर्मरचं तेल मोजणाऱ्या एका सुंदर निळ्या पेटीवर लिहिलं होतं, "मुंग्या". दुसऱ्या एकावर "मे महिना". एका कॅमेऱ्यावर "कावळा". तीनचार यंत्रांवर नुसतंच "लाइनमन" असं लिहिलेलं होतं.

"लाइनमनने मोडली?" नितीनने विचारलं.

"मोडली न्हाईत. त्यांनी वापरलीच न्हाईत. बनवणाऱ्यानं त्यांना कधी इचारलंच न्हाई, की बाबा, तू हे ठेवणार कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला चमकणारी जाकिटं आणि रबरी तळव्याचे बूट दिले आणि अर्धापूरला पाठवलं. महिनाभर आम्ही तंत्रज्ञांच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरलो. केळीच्या बागा, मधोमध ट्रान्सफॉर्मरची डीपी, वाऱ्याने पानं तारांना घासून उडालेले फ्यूज. शिडी धरायची, पक्कड वर द्यायची, शेतकऱ्यांच्या शिव्या कंपनीच्या वतीने ऐकून घ्यायच्या. डबीबद्दल कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, अशी साहेबांची अट होती. त्यांनी एका तंत्रज्ञाला डबी देऊन टाकली होती आणि ती आठवड्याने कुठे सापडते एवढंच आम्ही बघायचं होतं. ती सापडली त्याच्या पँटच्या मागच्या खिशात, झाकणाला तडा गेलेली. तो तिच्यावर आठवडाभर बसत होता. हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकत असे. मी मनातून चिडले, पण नवीन डबी आम्ही माणूस बसला तरी फुटणार नाही अशी केली.

मग खरी चाचणी सुरू झाली. अर्धापूर शाखेत बारा तंत्रज्ञ, बारा डब्या. प्रत्येक डबी कधी चालू होती, कधी वाजली, याची नोंद मोबाईलवरून आमच्याकडे लातूरला यायची. दोन महिन्यांनी आकडे पाहून आम्ही हवेत तरंगत होतो. एकही डबी बंद पडली नव्हती. एकही तंत्रज्ञ ती घरी विसरला नव्हता. मुख्यालयातले मोठे अधिकारी अहवाल ऐकायला नांदेडला येणार होते. साहेबांची सही असलेला कागद त्यांच्या हाती पडला की काम फत्ते. नितीनच्या घरी त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि पोरगा नेमकं करतो काय हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघत होता. सही त्याच्याही कामाची होती.

अधिकारी दुपारी येणार होते. सकाळी साहेबांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर बाराही डब्या ओळीने मांडल्या होत्या. "बघा," म्हणाले.

मी एक उचलली. आवाज बाहेर येण्यासाठी जी बारीक भोकं होती त्यांच्यावर काळी चिकटपट्टी मारलेली होती, दोन पदरी, तारेचा जोड बांधावा तशी निगुतीने. दुसरीवरही तसंच. साहेब पुटपुटत होते, "ओंदु, एरडु, मूरु..." नऊवर थांबले.

"बारातल्या नऊ मुक्या हायेत, बाई."

झालं होतं ते अगदी साधं. अर्धापूरच्या गल्लीत डोक्यावर तारांचं जाळं. तंत्रज्ञ गाडीवर बसला की डबी गावभर बोंबलायची. पोरंसोरं मागे लागायची, कुत्री भुंकायची. लाइनमनकडे जगातल्या सगळ्या अडचणींवर एकच औषध असतं, काळी टेप. त्यांनी ती मारली. साहेबांना मान देऊन डबी मात्र इमानेइतबारे हेल्मेटला ठेवली. आमच्या नोंदीत ती वाजतच होती. कुणाला ऐकू येत नव्हती इतकंच. आणि आम्हीच सगळ्यांना शिकवलं होतं की डबी गप्प असेल तर तार बंद समजा.

"टेप काढायला सांगू," मी म्हणाले. "पुढच्या बनावटीत आवाज कमी-जास्त करायची सोय देऊ. आज सही द्या, साहेब. यंत्रात तर काही दोष नाही."

"इल्ला."

"साहेब, आज सही झाली नाही तर हे सगळं संपलं."

"मी सही करणार न्हाई. पण तुमच्या विरोधात बी बोलणार न्हाई. तिथं काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. मला त्या चहाचाही राग आला.

दुपारच्या बैठकीत मी उठून टेपची गोष्ट सांगितली. फार थोरपणा होता असं नाही. समोर ते बसले होते, नजर टेबलावर, आणि खोटं बोलायला तोंड उघडेना. मोठे अधिकारी सौम्य हसले, "अजून काम व्हायला हवं," म्हणाले आणि पुढच्या कंपनीकडे वळले. खरेदीचा विषय मिटला. परतीच्या बसमध्ये नितीन माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसला.

बैठकीनंतर डब्या अर्धापूर शाखेत परत गेल्या होत्या; त्या आणायला पुढच्या आठवड्यात मी एकटीच तिकडे गेले. उपकेंद्रात माणिकराव ड्यूटीवर होते. वीज चालू-बंद करणारे ऑपरेटर, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत हे मी त्या महिनाभरात रोज पाहिलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं. त्या दिवशी मी साहेबांबद्दल काहीबाही बोलले. हट्टी आहेत, नवीन काही होऊ द्यायचं नाही, असलं. माणिकरावांनी ऐकून घेतलं.

"बाई, तुम्हाला साहेबांनी माझं सांगितलं न्हाई वाटतं."

"काय?"

"मी लाइनमन होतो अन् साहेब हितंच शाखेला होते. तार तुटलती. हितून लाइन बंद केली. मी खांबाखाली उभा राहून फोन केला, साहेब, चढू का? साहेबांनी रजिस्टर बघितलं, बंदची नोंद होती. म्हणले, चढ. वर गेलो, धरलं, अन् मग दवाखान्यातच डोळे उघडले. रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाचं जनरेटर चालू होतं. त्याची वीज उलटी तारंत आलती. त्यात साहेबांची काय चूक? रजिस्टर तर बरोबरच होतं."

"साखळी टाकली नव्हती?"

"घाईत न्हाई टाकली. साहेब चढ म्हणले ना."

तार खरंच बंद आहे का हे पक्कं करायला लाइनमन जमिनीत टोक पुरलेली लोखंडी साखळी तारांवर फेकतात; चुकून वीज असली तर ती जमिनीत जाते. दोन मिनिटांचं काम. साहेबांच्या एका शब्दावर विश्वास टाकून माणिकरावांनी ते टाळलं होतं. त्यानंतर साहेबांनी शाखा सोडली, चाचणी विभाग मागून घेतला आणि माणिकरावांना उपकेंद्रात बसण्याची नोकरी मिळेपर्यंत मुंबईच्या खेपा घातल्या. मला माझीच लाज वाटली. डब्या न घेताच मी तशीच नांदेडला गेले.

साहेब जेवणाचा डबा उघडत होते. मी म्हटलं, "गप्प म्हणजे बंद, हे आमचं चुकलं."

"हाव," ते म्हणाले. "टेप मारली तरी गप्प, बॅटरी गेली तरी गप्प, मोडली तरी गप्प. अन् त्या गप्प डबीच्या भरवशावर माणूस चढून राहिला. आता बसा, भाकर खा."

खरेदी नाही तर नाही. चाचणी विभागाच्या स्वतःच्या अधिकारात त्यांनी आम्हाला पुन्हा मुदत दिली. वर त्याबद्दल खुलासा मागितला गेला, तो त्यांनी दिला आणि आम्हाला कळूही दिलं नाही. आम्ही डबी उलटी केली. आता रस्त्यात ती अजिबात वाजत नाही. खांबाखाली उभं राहून बटण दाबलं की ती आधी स्वतःला तपासते, मग तारेला. तार जिवंत असेल तर लाल दिवा आणि घंटा. तार बंद असेल आणि डबी स्वतः धडधाकट असेल तरच ती बोलते. ती गप्प राहिली तर चढायचं नाही. टेप मारली तर काम खोळंबतं, त्यामुळे टेप आपोआप गेली.

तिने बोलायचं काय, यावर महिनाभर खल झाला. तंत्रज्ञांना बोलवून साहेबांनी विचारलं, आवाज कुणाचा पाहिजे? आम्ही मुंबईच्या स्टुडिओतला एका बाईंचा गोड आवाज आणला होता. तो ऐकून बाराजण लाजले. एकजण म्हणाला, "माणिकरावांचा लावा. लाइन तर तेच बंद करतेत." मग उपकेंद्रातच ध्वनिमुद्रण केलं. मागे ट्रान्सफॉर्मरची घरघर आली, ती आम्ही तशीच राहू दिली. नितीनने वाक्य लिहिलं होतं, "तार बंद आहे. आता चढा." साहेबांनी कागद घेतला, "आहे" खोडून "दिसते" लिहिलं. दुसरं वाक्य पूर्ण काटलं आणि त्या जागी "आधी साखळी टाका" घातलं.

"चढा हा शब्द यंत्रानं कधी बोलायचा न्हाई," ते म्हणाले. "कुणीच बोलायचा न्हाई."

चाचणी पूर्ण होईस्तोवर साहेबांच्या निवृत्तीचा महिना उजाडला. त्यांच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आम्हाला आधीच नम्रपणे कळवलं होतं की जुनी प्रकरणं ते सुरुवातीपासून तपासतील. म्हणजे पुन्हा दोन वर्षं. नितीनला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं होतं आणि उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. साहेबांची सही आली नाही तर गिरणीवरची खोली रिकामी करायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. साहेबांना हे मी सांगितलं. शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी अर्धापूरला या, एवढाच निरोप आला.

केळीच्या बागेच्या कडेला अकरा हजार व्होल्टची लाइन जाते, तिथे बाराही तंत्रज्ञ उभे होते. त्या भागाची लाइन बंद ठेवण्याची परवानगी निघाली होती आणि ती चक्क बिराजदार साहेबांच्या नावावर होती, म्हणजे वर चढणार ते स्वतः. साहेबांनी पांढरा शर्ट पँटीत खोचला, हेल्मेट घातलं, कमरेला पट्टा बांधला. बारापैकी तिघांनी एकदम म्हटलं, "साहेब, आम्ही जातो वर."

"तुम्ही तर रोजच जाताव," साहेब म्हणाले.

त्यांनी उपकेंद्रात फोन लावला, स्पीकर चालू करून फोन माझ्या हातात दिला.

"माणिक, लाइन बंद केली का?"

"केली, साहेब. चावी माझ्यापाशी हाय."

साहेबांनी वर बघत डबीचं बटण दाबलं. क्षणभर काही नाही. मग माणिकरावांचाच आवाज, मागच्या घरघरीसकट: "तार बंद दिसते. आधी साखळी टाका." तंत्रज्ञांनी साखळी फेकली. ती तारांवर बसली. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. तरी साहेब शिडीला हात लावून उभेच राहिले. मला वाटलं, वयाने दमले असतील. मग ते फोनकडे वळले.

"माणिक, चढू का?"

बारा माणसं माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

"मी न्हाई सांगणार, साहेब," माणिकराव म्हणाले. "डबीनं सांगितलं, साखळी टाकली, आता तुमचं तुम्ही बघा."

साहेबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग ते चढायला लागले.

अहवालावर सही त्यांनी खाली आल्यावर केली, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, नाव आणि हुद्द्याखाली "स्वतः चढून तपासले" असं लिहून. नितीनने पुण्याला नकार कळवला. अर्धापूरनंतर आणखी शाखांना डब्या गेल्या. साहेब निलंग्याकडे गावी गेले. आता फोनवर बोलतो, गेलो की भेटतो. पण साहेब आठवले की मला ते गावचे किंवा ऑफिसातले आठवत नाहीत. खांबाच्या टोकाला, आडव्या पट्टीला कोपर टेकून, बंद तार मुठीत धरून उभे असलेले आठवतात. काम काहीच नव्हतं वर. तरी ते उतरेनात.

त्या वेळी माझ्या हातात फोन चालूच होता.

"बाई, चढले का साहेब?"

"चढले."

"तार धरली?"

"धरली आहे. अजून धरूनच आहेत."

"राहू द्या," माणिकराव म्हणाले. "घाई करू नका म्हणावं. मी हितून हलत न्हाई. ते खाली उतरले की तेवढं सांगा."